विहिरीकडचा जिना

माझं नाव कॉलेजच्या यादीत लागलं, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून बोनकोडे गावात मी इंजिनिअर झाले. कॉलेज सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते, पण त्याचं कुणाला काय! कुणी बंद पडलेला मिक्सर माझ्यापुढे आणून ठेवला, कुणी टीव्हीला मुंग्या का येतात ते विचारलं. गल्लीच्या टोकाच्या एका आजोबांनी तर मला हाताला धरून नेलं आणि भिंतीला गेलेली चीर दाखवून घर पडेल का म्हणून विचारलं. मी त्या चिरेवरून बोट फिरवलं, जरा मागे सरकून भिंतीकडे बघितलं आणि काही होत नाही म्हणून सांगून टाकलं. त्यावर त्या घरातून मला वाटीभर सुका जवळा मिळाला. आई हसून हसून दमली, पण बाबा हसले नाहीत. गावातल्या चार घरांत आपल्या पोरीला विचारून कामं होतात, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात मी तिथून धरते.

आता इतकी वर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवल्यावर मला खात्रीने सांगता येतं की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात माणसाला मिक्सर उघडता येत नाही. कुठल्याही शाखेला जाणारी पोरं त्या वर्षी एकाच वर्गात बसतात आणि सगळ्यांच्या पानात सगळ्यातलं थोडं थोडं पडतं. थोडी वीज, थोडं मेकॅनिक्स, वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून काटकोनात आणायचा, आणि सगळ्यांची झोप उडवणारा विषय म्हणजे ड्रॉइंग. खारघरच्या त्या वर्गात आम्ही साठ जण होतो, त्यात मुली नऊ, आणि गावठाणातून आलेली मी एकटी. बाकीच्यांना ड्रॉइंग अवघड जायचं, मला ते कळायचंच नाही. सर फळ्यावर एक ठोकळा काढायचे आणि म्हणायचे, आता हा समोरून बघा, आता डावीकडून बघा. मी बघायचे आणि मला फळा दिसायचा. त्यात त्यांचा एक नियम होता, की डावीकडून जे दिसतं ते कागदावर उजव्या हाताला काढायचं. का, ते त्यांनी सांगितलं असणार. माझ्या वहीत फक्त नियम उतरला होता, आणि त्याच्याखाली पेनाने काढलेली तीन प्रश्नचिन्हं.

आमची दोन घरं होती, पण एकच म्हणायची. सरकारने शेती घेतल्यावर बाबांनी आणि काकांनी जुनं घर पाडून शेजारी शेजारी दोन घरं बांधली, आणि मध्ये पाच फुटांचा बोळ ठेवला. दोन्ही स्वयंपाकघरांची दारं त्या बोळात समोरासमोर उघडायची. ती दिवसभर उघडीच असायची. आईने खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं की पहिली वाटी पलीकडे जायची, आणि काकीच्या तांदळाच्या भाकऱ्या आईच्या भाकऱ्यांपेक्षा पातळ असतात म्हणून मी पानावर बसल्यावरच हात लांब करून पलीकडून भाकरी मागायचे. सकाळी दोन्हीकडचे कुकर एकमेकांना उत्तर दिल्यासारखे वाजायचे. आई आणि काकी भांडी घासता घासता बोळातून जे बोलायच्या ते मला आमच्या मोरीत, अंगावर पाणी घेतानासुद्धा ऐकू यायचं. आमच्या घराच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे रस्त्यातून घराकडे तोंड करून उभं राहिलं तर डावीकडे, गावाची बुजवलेली विहीर होती आणि तिच्या कडेने रिकामी पट्टी होती. उजवीकडे बोळ आणि काकांचं घर. हे डावं-उजवं वाचणाऱ्याने नीट लक्षात ठेवावं, मी ठेवलं नाही.

काका औद्योगिक पट्ट्यातल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात होते. शिक्षण आठवीपर्यंत, पण तीस वर्षं साहेबांच्या हातातल्या ड्रॉइंगवरून टाक्या जोडून जोडून त्यांना ड्रॉइंग वाचता यायचं, आणि आमच्या दोन्ही घरांत ते जमणारे काका एकटेच होते. माझ्या प्रवेशाच्या रांगेत तेच उभे राहिले. पट्टी आणि कोन एका सांध्याला जोडलेले असतात तो ड्राफ्टर त्यांनीच आणून दिला, आणि दर रविवारी मी आठवडाभरात काय काढलं ते बघायला तेच यायचे. एका रविवारी त्यांना माझी ती तीन प्रश्नचिन्हं दिसली. ते तसेच उठले. बोळातून गेले आणि कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची अख्खी वडी आणि विळी घेऊन आले. विळीवर त्या वडीला तीन पायऱ्या पाडल्या. मग मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवलं, खिडकीला गोधडी लावून अंधार केला, ती पायऱ्यांची वडी कोपऱ्याच्या मधोमध धरली आणि डावीकडून टॉर्च मारला. पायऱ्यांची सावली उजवीकडच्या भिंतीवर पडली.

"बघ बाय," काका म्हणाले, "तू डावीकडशी बघतंस, पन चित्र पडतं उजव्या भितीवं. आता कोपरा उलगड, भिती सरळ कर. झाला तुझा कागद."

मला जे झालं ते मी अजून वर्गात सांगते. कान गरम झाले आणि हसू आलं. एवढंच होतं होय! दोन महिने ज्याच्यासाठी रडत होते ते साबणाच्या वडीत होतं. आईने गोधडी काढली, वडीचे तुकडे बघितले, आणि काकांना ऐकू जाईल असं म्हणाली की या इंजिनिअरिंगच्या नादात महिन्याचा साबण गेला. पण त्या रात्री तिनेच ते तुकडे डब्यात भरून माझ्या टेबलावर ठेवले. त्यानंतर मी ड्रॉइंगला मागे राहिले नाही. डिसेंबर येईपर्यंत वर्गातली पोरं माझ्याकडून शीट मागायला लागली, आणि माझी मान जरा वर झाली. जरा म्हणजे काय, बरीच वर झाली.

त्याच हिवाळ्यात बाबांनी घरावर माळा चढवायला काढला. वर चार खोल्या, भाड्याने द्यायच्या, आणि भाडेकरूंनी आमच्या घरातून ये-जा करू नये म्हणून बाहेरून जिना. आमच्या गावात अशा कामाला कधी कागद लागला नव्हता. मिस्त्री यायचा, जमिनीवर चुन्याने रेघ मारायचा, घरमालक रेघेवर उभा राहून मान हलवायचा, आणि भिंती उठायच्या. पण बाबांनी मला बोलावलं आणि आई, काका, काकी, कामावरचा हणमंत मिस्त्री या सगळ्यांसमोर जाहीर केलं की आमच्या घराचं ड्रॉइंग आमची पोरगी काढणार. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा, मला ठोकळे येतात, घर येत नाही. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

ड्रॉइंग मी मन लावून काढलं, हे मात्र खरं. खोल्या खालच्यासारख्याच होत्या, त्या मिस्त्रीच्या डोक्यात होत्या, म्हणून मी दोनच चित्रं काढली, घर समोरून आणि घर डावीकडून. जिना विहिरीच्या बाजूला ठरला होता, तो डावीकडून पूर्ण दिसत होता, चौदा पायऱ्या, कठड्यासकट. नियमाप्रमाणे हे डावीकडचं चित्र मी समोरच्या चित्राच्या उजव्या हाताला काढलं. समोरून बघितलं तर जिना ओट्याच्या भिंतीआड जात होता, आणि जे आड असतं ते ठिपक्यांच्या रेषेने दाखवायचं असतं, म्हणून समोरच्या चित्रात तो मी डावीकडे बारीक ठिपक्यांनी दाखवला. कागदावर एक डाग नव्हता, अक्षरं सगळी एका उंचीची. काकांनी तो दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितला आणि मान डोलावून म्हणाले, एकदम कंपनीसारखा. बाबांनी प्लॅस्टिकमध्ये घालून तो बांबूला बांधला. हणमंत मिस्त्री साताऱ्याकडचा, पंचवीस वर्षं कामात मुरलेला माणूस. त्याने कागदाला नमस्कार केला, बहुतेक थट्टेने.

माघात काकीच्या माहेरी उरणला लग्न निघालं. आमच्यातलं लग्न म्हणजे मांडव, हळद, लग्न, मग पाहुणचार, चार दिवस तरी जातात. दोन्ही घरं कुलूप लावून गेली. मिस्त्रीला कागदाप्रमाणेच करायला सांगून ठेवलं होतं, आणि अडलं तर मला फोन करायचं ठरलं होतं. मी गेले नाही, कारण माझं सबमिशन होतं. बारा शीट त्या आठवड्यात सरांकडून तपासून सही करून घ्यायच्या होत्या. मी खारघरला मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. तिथे आम्ही चौघी जमिनीवर बोर्ड टाकून पालथ्या पडलेल्या असायचो, खोबरेल तेलाचा, पेन्सिलीच्या भुशाचा आणि मॅगीचा मिळून एक वास त्या खोलीला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, शंकूचा छेद काढत असताना, मिस्त्रीचा फोन आला. कागदावर दिसतोय तसाच जिना घ्यायचा ना, एवढंच तो विचारत होता. त्याच्या आवाजात शंका होती, ती मला ऐकू आली होती, हे मी कबूल करते. त्याला विचारायला हवं होतं, तुम्हाला कुठे दिसतोय? पण माझ्या तीन मैत्रिणी बघत होत्या, आणि घराचं काम माझ्या ड्रॉइंगवर चाललंय हे त्यांना कळावं असं मला वाटत होतं.

"कागदावर आहे तसाच," मी म्हटलं. "एक इंच इकडे तिकडे नको. आणि मिस्त्री, सगळं काढून दिलंय, सारखं सारखं विचारू नका."

तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर एक मैत्रीण म्हणाली, काय डेंजर बोलतेस गं तू. मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी बाराही शीटवर सही घेऊन मी घरी आले, तेव्हा लग्नाचा टेम्पो नुकताच पोचला होता. बायका पुढच्या बाजूला सामान उतरवत होत्या. बाबा बोळाच्या तोंडाशी उभे होते आणि आत बघत होते. मी त्यांच्या बाजूने वाकून बघितलं. बोळात जिना होता. चौदा पायऱ्या, ओल्या, वर पोती टाकलेली, पाणी ठिबकत होतं. पाच फुटांतले तीन फूट जिन्याने घेतले होते. काकांच्या स्वयंपाकघराचं दार जेमतेम अर्धं उघडलं असतं, आणि खिडकीच्या बरोबर समोर जिन्याची करडी पाठ आली होती. हणमंत मिस्त्री कागद घेऊन पुढे आला. तो घाबरलेला नव्हता, त्याने त्याचं काम केलं होतं. समोरचं घर हे मधलं चित्र, आणि त्याच्या उजव्या हाताला हा जिना, मग जिना उजव्या हाताला. ठिपक्यांचं काय, मी विचारलं, तर म्हणाला, ठिपके म्हणजे पुढं कधीतरी करायचं काम असेल असं वाटलं. आणि ताईंनी फोनवर सांगितलंच होतं. मला कागदाकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती. ते चित्र कागदावर जिथे हवं तिथेच होतं, माझ्या सरांनी त्याला दहापैकी दहा दिले असते. फक्त ते वाचणारा माणूस साठ जणांच्या त्या वर्गात कधी बसलेला नव्हता, आणि त्याने विचारलं तेव्हा मी त्याला गप्प केलं होतं.

बाबांना ड्रॉइंग कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की पोरीने फोनवर काहीतरी चुकीचं सांगितलं. त्यांनी मिस्त्रीला हळूच सांगितलं की फोनचं कुणाजवळ काढायचं नाही. तेवढ्यात काका आले, खांद्याला बॅग, कपाळावर अजून हळद. त्यांनी जिना बघितला. मग मिस्त्रीच्या हातातून कागद घेतला, त्याच्यावर नजर टाकली, माझ्याकडे बघितलं, आणि कागद परत दिला. मला तेव्हाच कळलं की त्यांनी तो बरोबर वाचला आहे.

"दादा," ते बाबांना म्हणाले, "यो जिना हिकडं घ्यायला तू सांगलंस?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. "हां," ते म्हणाले. "मीच सांगलं."

काका आणखी काही विचारतील म्हणून आम्ही उभे राहिलो. ते आत गेले. पुढच्या रविवारी त्यांनी विटा आणल्या आणि स्वतःच्या हाताने बोळाकडचं दार बुजवून टाकलं. आई जिन्याखाली आलेल्या आमच्या दारात उभी राहून बघत होती. शेवटच्या दोन विटा राहिल्या तेव्हा तिने आतल्या काकीला हाक मारली, काकीने ओ दिली नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे कालवणाची पहिली वाटी कुणाची, हा प्रश्नच राहिला नाही. आई सवयीने जास्तीचं करायची आणि ते दुसऱ्या दिवशी आम्हीच खायचो.

मी बाबांना म्हटलं की मी काकांना खरं सांगते. बाबांनी मला ओट्यावर बसवून समजावलं. भाऊ भावाशी भांडतो, त्यात नवीन काही नाही, दोन महिन्यांनी बोलेल. पण तू चुकलीस असं कळलं तर तो तुला बघायला पुन्हा येणार नाही, आणि तो आला नाही तर तुझं ड्रॉइंग मी बघू? मला काय कळतं त्यातलं? असं ते म्हणाले. त्यांनी मला वाचवण्यासाठी स्वतःच्या भावाच्या नजरेत लबाड व्हायचं पत्करलं होतं, आणि त्यांना ते फार मोठं काही वाटत नव्हतं. मी मान हलवली. मला हायसं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

आणि खरंच काका माझ्याशी तसेच राहिले. तेच मला अवघड गेलं. आमच्या घरी यायचे ते बंद झाले, पण रविवारी रस्त्याने फिरून त्यांच्या ओट्यावर मला बोलवायचे आणि शीट बघायचे. एकदा शीटवरून मान न उचलता म्हणाले की तुझा कागद बरोबर होता बाय, विहिरीकडंच होता जिना, तुझ्या बापाने तुझ्या कागदाची किंमत ठेवली नाही. त्यांचा राग नुसत्या बोळासाठी नव्हता. आपल्या पोरीने काढलेलं बापाने पाच फुटांच्या लोभापायी फिरवलं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मी समोर बसून पेन्सिलीला टोक करत होते. तोंड उघडून दोन वाक्यं बोलले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी टोक करत राहिले. रोज सकाळी सात वाजता बॅग आणि बोर्ड घेऊन मी त्यांच्या ओट्यावरून जायचे, ते चहाचा कप वर करून दाखवायचे, मी हात हलवायचे. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. परीक्षा झाली, निकाल लागला, ड्रॉइंगला मी वर्गात पहिली आले. काकांनी गावभर पेढे वाटले. फक्त आमच्या घरी दिले नाहीत, माझा पेढा मला रस्त्यात हातावर दिला. तो मी तसाच मुठीत धरून घरी आणला.

आमच्या दोन्ही घरांचा गणपती एकच. आमच्याकडे बसतो, आणि मूर्ती घडवणाऱ्याकडे त्याचा पाट आषाढात द्यायचा, म्हणजे मूर्ती सांगितली असं झालं. पाट नेहमी काका नेऊन द्यायचे. त्या वर्षी बाबा वाट बघून शेवटी स्वतः पाट घेऊन मूर्तींच्या कारखान्यात गेले, आणि परत आले ते ओट्यावरच बसले. आईने पाणी दिलं, ते घेतलं नाही. म्हणाले, त्याने आपला वेगळा पाट दिलाय. एवढं बोलून त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला. गावाबाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्यात गणपती वेगळा झाला की घर वेगळं झालं. मग लग्नपत्रिकेवर नावं वेगळी, सुतक सोडलं तर काही एकत्र नाही. बाबांनी माझ्यासाठी दोन महिन्यांचं भांडण घेतलं होतं, आणि ते पिढ्यांचं व्हायला निघालं होतं.

मी तशीच उठले. ड्रॉइंगचा तो कागद कपाटावरून काढला आणि रस्त्याने वळसा घालून काकांकडे गेले. दुपारची वेळ, काका दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत, जेवून हात धुवत होते. काकी भांडी आवरत होती, त्या बुजवलेल्या दाराजवळ आता दिवसासुद्धा दिवा लागायचा. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. मिस्त्रीचा फोन, मी काय म्हटलं, कुणासमोर म्हटलं, बाबांनी का खोटं सांगितलं, सगळं. माझा कागद बरोबर होता, पण मिस्त्रीला मी बोलू दिलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. काकी हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

काकांनी हात पुसले. बाबांबद्दल एकच विचारलं, तो माझ्याशी खोटं बोलला ते तुझ्यासाठी? मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ते आता हसतील, नाहीतर ओरडतील, काहीही चाललं असतं मला.

"चूक कुनाची पन होते गं," ते म्हणाले. "पन तू रोज सकाळी माझ्या समोरशी गेलीस. रोज."

मग चपला न घालता ते रस्त्याने आमच्या घरी गेले. मी मागे गेले नाही, त्यांच्या स्वयंपाकघरातच उभी राहिले. भिंतीपलीकडे काय बोलणं झालं ते मला आईने नंतर सांगितलं. फार काही बोलणं झालंच नाही. काका म्हणाले, मला सांगायचंस. बाबा म्हणाले, पोरगी हाय. दोघे एका चटईवर बसले, आणि त्या दिवशी काकांनी पाळी बुडवली.

वेगळा दिलेला पाट त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणला. वर भाडेकरू आले होते, म्हणून आधी विहिरीकडे नवा जिना बांधावा लागला, मग बोळातला फोडला. दोघा भावांनी आळीपाळीने घण मारला, दोन रविवार लागले, आणि गणपतीच्या आठवडाभर आधी बुजवलेलं दार परत उघडलं. काकीने उघडल्या उघडल्या पलीकडून भाकऱ्यांची टोपली दिली आणि आई मोठ्याने रडली. नव्या जिन्याच्या वेळी हणमंत मिस्त्रीजवळ काका स्वतः उभे राहिले. माझाच कागद होता. त्यांनी तो मिस्त्रीला हातात न देता, जमिनीवर त्याच्याबरोबर उभं राहून चुन्याने रेघ मारून दाखवली. मला कुणी बोलावलं नाही. मी कॉलेजला गेले.

काकांनी मला कधी दूर केलं नाही, हे सांगायला हवं. माझ्या हळदीला ते सगळ्यात जास्त नाचले. मला मुलगी झाली तेव्हा खारघरच्या फ्लॅटवर सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आले आणि लिफ्टमधल्या लोकांनी नाक धरलं म्हणून वर येईपर्यंत हसत होते. पण त्या दुपारनंतर त्यांनी माझं एकही ड्रॉइंग बघायला मागितलं नाही. मी दुसऱ्या वर्षाची नेली, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नेला. ते चहा विचारायचे, कागद बाजूला ठेवायचे. मीही कधी विचारलं नाही, का. दरवर्षी नवीन वर्गाला मी साबणाची वडी कापून दाखवते, आणि मग सांगते की कामावरच्या माणसाने विचारलं तर त्याच्याजवळ जाऊन, तो उभा आहे तिथे उभं राहून उत्तर द्या. पोरं लिहून घेतात. पुढचं मी त्यांना सांगत नाही.

काका गेले त्याला आता तीन वर्षं होतील. त्या दुपारी 'रोज' म्हटल्यावर ते थांबले होते, मला वाटतं, उत्तरासाठीच थांबले होते, आणि मी कागदाकडे बघत उभी राहिले. इतक्या वर्षांत मी स्वतःला खूप कारणं सांगितली. बाबांनी गप्प राहायला सांगितलं होतं, परीक्षा होती, वय लहान होतं. त्यातलं एकही खरं नाही. तुम्ही सकाळी कप वर करून दाखवायचात ना काका, ते बंद होईल म्हणून मी घाबरले होते.